हंगाम सरल्यावरचा रिव्हिएरा

फ्रान्सची सरहद्द ओलांडून इटलीत शिरणारा समुद्रकाठचा जुना रस्ता ‘आउरेलिया’ या नावाने ओळखला जातो. रोमहून निघालेल्या प्राचीन राजमार्गाचे नाव आजच्या रस्त्यानेही राखले आहे. सरहद्दीलगतच्या ला मोर्तोलापासून इंपेरिया शहरापर्यंतचा त्याचा टप्पा सुमारे पन्नास किलोमीटरांचा. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला भूमध्य समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकामागून एक गावे. ऑगस्टमध्ये येथे वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र रस्ता मोकळा असतो, वाळूवरील छत्र्या उचललेल्या असतात आणि अनेक हॉटेलांच्या खिडक्यांना हिरव्या झडपा लागलेल्या असतात. हंगाम संपला, असे कोणीही म्हणेल.

परंतु दीडशे वर्षांपूर्वी या किनाऱ्याचा हंगाम नेमका हाच होता. उत्तरेचे गार वारे आल्प्सच्या भिंतीआड अडतात, त्यामुळे येथील हिवाळा सौम्य असतो. छातीच्या विकाराने त्रस्त झालेल्यांना त्या काळचे डॉक्टर येथे हवापालटास पाठवीत. इंग्रज, रशियन आणि जर्मन श्रीमंत मंडळी थंडीत येत आणि उन्हाळा लागताच परतत. चित्रकार क्लोद मोने 1884च्या जानेवारीत बोर्दिगेराला तीन आठवड्यांसाठी आला आणि तेथील प्रकाशाला भुलून सुमारे तीन महिने राहिला. डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल यांनी सानरेमोतील आपल्या बंगल्यात 10 डिसेंबर 1896 रोजी अखेरचा श्वास घेतला. पुढे विसाव्या शतकात समुद्रस्नानाची व उन्हात अंग शेकण्याची आवड वाढली आणि हंगाम हिवाळ्याकडून उन्हाळ्याकडे सरकला. ऊन तेच, समुद्र तोच. बदलली ती गिऱ्हाइकाची रुची. बोर्दिगेरातील आंग्स्ट नावाचे भव्य हॉटेल त्यानंतर कित्येक दशके ओसाड पडून होते.

ला मोर्तोलाचे उद्यान व्यापारी कुटुंबांनी आवर्जून पाहावे असे आहे. थॉमस हॅन्बरी या इंग्रज व्यापाऱ्याने शांघायमध्ये चहा-रेशमाच्या व्यापारात संपत्ती मिळवली आणि 1867मध्ये हा डोंगरउतार विकत घेतला. वनस्पतींचे जाणकार असलेले त्याचे बंधू डॅनियल यांच्या साहाय्याने त्याने देशोदेशीची झाडे येथे लावली. आज उद्यानाची व्यवस्था जेनोवा विद्यापीठाकडे आहे. थंडीत कोरफडीच्या जातींना तांबडे तुरे येतात. व्यापार केव्हाच आटोपला. झाडे मात्र उभी आहेत.

सानरेमोच्या पुढे रस्त्याच्या बाजूला सायकलींची एक वाट दिसत राहते. समुद्राला खेटून धावणारी जुनी रेल्वे 2001मध्ये डोंगराच्या आतल्या बोगद्यांत गेली आणि तिच्या रिकाम्या मार्गावर सुमारे 24 किलोमीटरांची ही वाट झाली. उन्हाळ्यात तेथे गर्दी असते. हिवाळ्यात गावातील वृद्ध माणसे सावकाश फिरताना दिसतात.

याच दिवसांत डोंगरावर मात्र कामाची धांदल असते. ताज्जा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारीक ऑलिव्हची तोडणी साधारण नोव्हेंबरपासून सुरू होते. झाडांखाली जाळ्या पसरतात, फांद्या झोडपून फळे पाडतात आणि ती लवकरात लवकर घाण्यावर नेतात. फळ साठून राहिले की तेलाची प्रत उतरते. ही झाडे ज्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत उभी आहेत, त्यांचे बांध चुन्याशिवाय, नुसत्या दगडावर दगड रचून बांधलेले आहेत. पावसाने बांध ढासळला की तो हातानेच पुन्हा रचावा लागतो. तरुण पिढी किनाऱ्यावरच्या सोप्या रोजगाराकडे वळली, तेथे बांध खचले आणि शेते झुडपांखाली गेली. बांध धरून आहेत ते घरातल्या कोणीतरी अजून दगड उचलतो म्हणून. उन्हाळ्यातील पाहुण्याला यांतले काहीच दिसत नाही.

आहाराचा विचार आधीच करून निघावे. येथील प्रसिद्ध ‘पेस्तो’ चटणीत लसूण असतो आणि तिच्यातील चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून केलेले असते. ‘फारिनाता’ मात्र आपल्या धिरड्याचीच बहीण शोभावी: बेसन, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल यांचे पातळ पीठ काही तास मुरवून, तांब्याच्या रुंद परातीत ओतून भट्टीत भाजतात. काही ठिकाणी त्यावर कांद्याची पात पसरतात, म्हणून साधी फारिनाता विचारून घ्यावी. डिसेंबरात सूर्य पाचच्या आत मावळतो, तर उपाहारगृहे रात्रीच्या जेवणासाठी साडेसातच्या सुमारास उघडतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी दुपारीच सोय करावी.

इंपेरियात हा टप्पा संपतो. ओनेल्या आणि पोर्तो मौरित्सियो ही शेजारची गावे 1923मध्ये जोडून हे शहर झाले. ओनेल्याच्या बंदराने तेलाच्या व्यापारावर नाव मिळवले. येथे ऑलिव्हचे संग्रहालय आहे आणि नव्या तेलाच्या बाटल्या दुकानांत मांडल्या जातात त्याही याच थंडीत. हॉटेलांच्या झडपा बंद असताना हा व्यवहार चालू असतो. पाहुण्यांचा हंगाम शंभर वर्षांत एकदा पुरता उलटला, पुढेही उलटेल. तेलाचा हंगाम पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्यातच येत राहिला आहे. ज्यांना हा किनारा खऱ्या अर्थाने पाहावयाचा असेल, त्यांनी थंडीत जावे आणि समुद्राबरोबर डोंगराकडेही पाहावे.