पुढे ढकललेलं गाणं

मिरजेच्या आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ आईच्या शिकवण्या असायच्या. दुपारी तंबोरे गवसणीत जायचे आणि माझी वेळ सुरू व्हायची. 1988 साली मुंबईच्या मावसभावानं मला साठ मिनिटांची एक कॅसेट भरून दिली होती: ‘लेड झेपलिन’ या इंग्लिश बँडचा 1971 सालचा चौथा अल्बम. आईच्या टेपरेकॉर्डरवर, ज्यावर ती विद्यार्थिनींना त्यांचंच गाणं ऐकवायची, त्यावर मी ती लावायचो.

पहिलं गाणं ‘ब्लॅक डॉग’. आधी नुसता आवाज येतो, साथीला काहीही नाही. तो थांबतो आणि मग गिटार, बास आणि ड्रम एकदम कोसळतात. पुन्हा आवाज एकटा. तो आवाज रॉबर्ट प्लांटचा. रेकॉर्डिंग झालं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठा. इतक्या उंचावर जाऊन कुणी इतकं निर्धास्त राहू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. एकदा आई दाराशी उभी राहून पूर्ण गाणं ऐकून गेली. म्हणाली, “गळा आहे रे त्याला. पण सारखा तार सप्तकात का? त्याचा षड्ज कुठाय?” मला राग आला. उत्तर मात्र सुचलं नाही.

त्या बाजूचं तिसरं गाणं मी ऐकायचोच नाही. ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’. त्यात ड्रम नाहीत. मँडोलिन, गिटार आणि मध्येच एका बाईचा आवाज. मला घाई असायची चौथ्या गाण्याची, ‘स्टेअरवे टु हेवन’ची. फॉरवर्डचं बटण दाबून धरायचं आणि अंदाजानं सोडायचं. दोन-तीन महिन्यांत नेमकं कधी सोडायचं ते बोटालाच कळू लागलं.

मी हे सगळं ऐकत होतो तेव्हा तो बँड मोडून आठ वर्षं झाली होती. 25 सप्टेंबर 1980 रोजी ड्रमर जॉन बॉनम गेला आणि उरलेल्या तिघांनी डिसेंबरमध्ये बँड थांबवल्याचं जाहीर केलं. त्यामुळे माझ्या लेखी प्लांट बावीस वर्षांचाच राहिला. पुढे नोकरी, पुणं, संसार. कॅसेट मिरजेलाच राहिली. पस्तिशीनंतर ते उंच सूर ऐकले की उगाच थकल्यासारखं व्हायचं.

फेब्रुवारी 2009 मध्ये झाकीर हुसेन यांना ग्रॅमी मिळाल्याची बातमी वाचत होतो. शेजारच्याच रकान्यात प्लांटचं नाव दिसलं. अ‍ॅलिसन क्राउस या अमेरिकी गायिकेबरोबर त्यानं केलेल्या ‘रेझिंग सँड’ला त्या रात्री वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसह पाच ग्रॅमी मिळाले होते. अल्बम 2007 चा, म्हणजे तो आला तेव्हा प्लांट एकोणसाठ वर्षांचा.

सीडी आणली. पहिल्या दोन गाण्यांत मी त्याचा आवाज शोधत राहिलो, कारण मी तो वर शोधत होतो आणि तो खाली होता. जवळ बसून बोलावं तसा. टी-बोन बर्नेटनं निर्मिती अशी केली आहे की ड्रम शेजारच्या खोलीतून आल्यासारखे वाटतात. क्राउस ब्लूग्रास या अमेरिकी संगीतप्रकारातली, लहानपणापासून फिडल वाजवणारी. त्या संगीतात दोन-तीन गळे एकाच वेळी वेगवेगळे सूर लावून एकत्र चालतात. आपल्याकडे ही रीत नाही, आणि गंमत म्हणजे प्लांटलाही तिची सवय नव्हती. तो आयुष्यभर एकटा पुढे उभा राहून, दर वेळी मनाला येईल तशी जागा घेत गायलेला. सोबतचा गळा कुठे जाणार हे आधी ठाऊक असावं लागतं, आपली तान मनातच ठेवावी लागते, हे तो साठीच्या उंबरठ्यावर क्राउसकडून शिकला आणि ते त्यानं मोकळेपणानं सांगितलंही. मला त्याचं सर्वांत मोठं धाडस हेच वाटतं. ‘प्लीज रीड द लेटर’ हे गाणं त्यानं झेपलिनमधल्याच जिमी पेजबरोबर 1998 मध्ये केलं होतं. इथे ते संथ झालंय आणि त्यातली विनवणी खरी वाटते.

‘रेझिंग सँड’ आला त्याच वर्षी डिसेंबरात लंडनमध्ये झेपलिनचे उरलेले तिघे, बॉनमच्या मुलाला ड्रमवर बसवून, एका रात्रीपुरते एकत्र आले. जगभर दौरा करा म्हणून सगळे मागे लागले होते. प्लांट गेला तो क्राउसबरोबर छोट्या दौऱ्यावर. दुसऱ्याच्या संगीतात जाऊन बसायची ओढ त्याला तशी जुनीच. 1972 मध्ये तो आणि पेज मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी रेकॉर्ड केली होती. ती अधिकृतपणे बाहेर यायला 2015 साल उजाडलं.

गणपतीला मिरजेला गेलो तेव्हा आईला ‘रेझिंग सँड’मधलं शेवटचं गाणं ऐकवलं, ‘युअर लाँग जर्नी’. डॉक वॉटसन आणि त्याची बायको रोझा ली यांचं हे गाणं इथे प्लांट आणि क्राउस सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकत्र गातात. आईनं पेटीवर हात ठेवला आणि आधी तिचा सूर शोधला, मग त्याचा. दोन्ही पट्ट्या एकदम दाबून बराच वेळ ऐकत राहिली.

“कोण हा?”

“तोच गं. कॅसेटवाला.”

ती हसली नाही, की तिला आश्चर्यही वाटलं नाही. “असं मागे बसून गाणं एकदम येत नाही कुणाला. तेव्हाही कधीतरी गायला असणार. तू ऐकलं नसशील.”

माळ्यावरच्या ट्रंकेत कॅसेट सापडली. तिसरं गाणं, तीच बाई: सँडी डेनी, झेपलिनच्या गाण्यात पाहुणी म्हणून आलेली एकमेव गायिका. 1978 मध्ये, एकतिसाव्या वर्षी ती गेली. तिला वाट करून देत बावीस वर्षांचा प्लांट गातोय, मध्येच थांबतोय, तिची ओळ पुरी होऊ देतोय. आई पेटी मिटून ऐकत बसली होती. पुढे ‘स्टेअरवे’ सुरू झालं तेव्हा टेप फार घासलेली निघाली, आवाज जागोजागी बसलेला. तिसरं गाणं मात्र परवाच भरल्यासारखं स्वच्छ होतं.