उकलता येणारं घर

आमच्याकडे घर खणांत मोजत. दोन खांबांमधला, वर एक तुळई झेपेल एवढा गाळा म्हणजे खण. ‘पाच खणी, दुपाखी’ एवढं सांगितलं की किती खांब, किती तुळया याचा हिशेब सुतार तोंडी मांडे. सागवानी खांबाला ओल लागू नये म्हणून खाली दगडी तळखडा. वर खाचेत बसवलेली तुळई आणि सांध्यात ठोकलेली लाकडी खुंटी. खुंटी पलीकडून ठोकून काढली की सांधा सुटे.

म्हणून भाऊ वेगळे झाले तर लाकूडफाट्याचीही वाटणी होई. कोयनेच्या धरणात गावं जायची वेळ आली तेव्हा लोकांनी चौकटी, वासे, कौलं सोबत नेली आणि नव्या जागी चढवली. विटा मातीत नाहीतर चुन्यात रचलेल्या. खरडल्या की पुन्हा कामाच्या. हे कुणी पर्यावरणासाठी करत नव्हतं, सागवान महाग होतं म्हणून करत होतं. तेही जंगल तोडूनच आलेलं, वाळवी लागायची ती लागायचीच, आणि वाडा काही सगळ्यांच्या नशिबी नव्हता. पण एकदा तोडलेलं झाड दोन-तीन घरांना पुरे, आणि तोवर त्यातला कार्बन लाकडातच राही.

आता पुण्यात चाळीस वर्षांची इमारतही पुनर्विकासाला जाते. ब्रेकर लागतो. सळया भंगारात जातात. त्यांची पुन्हा सळई होते, पण भट्टी पेटवून. सिमेंटात बसलेली वीट सुटत नाही, फुटते. उरतो राडारोडा. त्याच्यासाठी २०१६ साली नियम आले, तरी डंपर नदीकाठ शोधतातच. मग नवं सिमेंट, म्हणजे पुन्हा चुनखडी भाजणं. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. पाडलेला खांब धडधाकट होता का, हे विचारण्यात अर्थच नाही. तो अख्खा निघतच नाही.

गंमत म्हणजे त्याच साइटवर सुटणारी एक वस्तू असते: अ‍ॅल्युमिनियमचं शटरिंग. पिना ठोकून काढल्या की पॅनेल मोकळं, लगेच वरच्या मजल्यावर. एकच संच शंभराहून जास्त वेळा चालतो. साचा पुन्हा पुन्हा वापरायचा, घर मात्र एकदाच! ती जुनी अक्कल उरली आहे एमआयडीसीतल्या पोलादी शेडना. नटबोल्ट सोडायचे, खांब-कैच्या ट्रकवर चढवायच्या, दुसऱ्या प्लॉटवर उभ्या करायच्या. जुन्या शेडला गिऱ्हाईकही मिळतं, आणि भाव भंगारापेक्षा बरा येतो.