बडोद्याचा नकाशा शिकताना

जुनं बडोदं समजून घ्यायचं तर मांडवीपासून सुरुवात करावी. मधोमध मांडवीची इमारत, तिथून चार दिशांना चार रस्ते आणि त्यांवर चार दरवाजे: पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. एवढा आराखडा लहान मूलही कागदावर काढेल. खरी परीक्षा मुख्य रस्ता सोडून पोळीत शिरल्यावर सुरू होते.

गेले काही महिने सुट्टीच्या दिवशी मी ओपनस्ट्रीटमॅपवर काम करायला शिकतोय. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा जगाचा नकाशा लोकांनीच बनवलेला आहे. खातं उघडून कोणीही त्यात भर घालू शकतं. नोकरीत रोज कोड लिहीत असलो तरी इथे मी पहिलीतलाच विद्यार्थी. मूळ गोष्ट सोपी आहे. नकाशावर सगळं बिंदू, रेषा किंवा बंद आकृती असतं: विहीर म्हणजे बिंदू, गल्ली म्हणजे रेषा, वाडा म्हणजे आकृती. मग त्याला माहिती जोडायची: हे देऊळ आहे, हा रस्ता एकेरी आहे, नाव अमुक. ब्राउझरमध्ये चालणारं आयडी नावाचं साधन उघडलं की मागे उपग्रहाचं चित्र दिसतं आणि त्यावर गिरवता येतं.

नव्या वसाहतींचे रुंद रस्ते असे पटापट काढून होतात. जुन्या शहरात मात्र वरून नुसती छपरं दिसतात, बोळ त्यांच्याखाली दडलेले. फोनच्या जीपीएसचाही तिथे गोंधळ उडतो, कारण सिग्नल उंच भिंतींवर आपटून येतात. मी बोळात उभा आणि ठिपका शेजारच्या गच्चीवर! म्हणून मी वही घेतली, पावलं मोजली आणि वळणं हाताने काढली.

आणखी एक नियम आहे. दुसऱ्या नकाशावरून, अगदी गूगलच्याही, नावं उतरवून घ्यायची नाहीत. हक्क त्यांचे असतात. स्वतः पाहिलेलं, पाटीवर वाचलेलं किंवा तिथल्या माणसांकडून ऐकलेलंच लिहायचं. त्यामुळे ओट्यावर बसलेल्या मंडळींशी बोलणं आलंच.

दांडिया बाजाराजवळ एका आजींना विचारलं, "आजी, या बोळाला काय म्हणतात हो?"

"कोण म्हणतं त्यावर आहे रे बाळा," त्या म्हणाल्या. पाटीवर एक नाव, रिक्षावाल्यांच्या तोंडी दुसरं आणि त्यांच्या सासूबाई म्हणायच्या ते तिसरं. बोळातली बरीच मराठी घरं आता नव्या सोसायट्यांत गेली आहेत. तिसरं नाव घेणाऱ्या आजींसकट दोघी-तिघीच उरल्या आहेत.

नकाशात या तिन्ही नावांना जागा आहे. मुख्य नाव, पर्यायी नाव आणि जुनं नाव असे वेगळे रकाने असतात. शिवाय गुजराती नाव वेगळं, मराठी वेगळं देता येतं. सयाजीबाग आणि कमाटीबाग ही दोन्ही नावं सुखाने शेजारी नांदू शकतात.

मात्र जपून लिहावं लागतं, कारण बदल थेट सगळ्यांच्या नकाशात जातो. मनाने भाषांतर करून नाव बनवायचं नाही. लोक वापरतात तेच द्यायचं. खाजगी घरांवर राहणाऱ्यांची नावं घालायची नाहीत. भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेला तांबेकर वाडा संरक्षित स्मारक आहे, त्याचं नाव हवंच. आजींचं घर मात्र नकाशात फक्त एक चौकोन.

हा निव्वळ छंद नाही. घरपोच सामान आणणारा मुलगा आणि रुग्णवाहिकेचा चालक आज हातातल्या नकाशावरच विसंबतात. गाडी बोळाच्या कुठल्या तोंडापर्यंत येते, पुढे किती चालावं लागतं, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. आजींना मी वहीतलं चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून आधी तेच तपासलं आणि म्हणाल्या, "इथून पलीकडे वाट आहे, ती राहिली तुझी." ती वाट आता नकाशात आहे आणि बोळाचं तिसरं नावही.

तुमच्या घरी जुन्या शहरात वाढलेलं कोणी असेल तर एका रविवारी एकच बोळ निवडा. संगणक नंतर उघडा. आधी वही घ्या आणि आजी-आजोबांना सोबत न्या.