उरलेला विस्तव

टस्कनीत लाकडाच्या निखाऱ्यांवर भाजणाऱ्या रेस्टॉरंटात बिस्तेक्का मागवली की ती आधी कच्चीच टेबलावर येते. वेटर लाकडी फळीवर तो चार बोटं जाड, लालभडक गोमांसाचा तुकडा घेऊन येतो, वजन सांगतो आणि तुम्ही मान डोलावली की परत आत नेतो. भाव किलोवर. किलोच्या आत सहसा कापत नाहीत, त्यामुळे एकट्यादुकट्याने मागवायची सोय नाही. ‘जरा नीट शिजवून आणा’ म्हणायचीही सोय नाही. आतून लालच मिळेल, हे काही ठिकाणी मेन्यूवर छापलेलंच असतं. गिऱ्हाइकाला इतकं धाकात ठेवणारा दुसरा पदार्थ माझ्या पाहण्यात नाही.

मी तो खात नाही. आमच्या घरी खिलारी बैल होते आणि ज्यांच्या मानेवर जू ठेवलं त्यांना ताटात घ्यायला मन घेत नाही. यात वाद घालण्यासारखं काही नाही. माझ्या टेबलावर कोणी खाल्लं तर माझी हरकतही नसते. भट्टी बघायची मात्र मला भारी हौस. म्हणून फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला, किआंतीच्या टेकड्यांतल्या एका अशा ठिकाणी मित्रमंडळी निघाली तेव्हा मीही गेलो आणि भट्टी समोर दिसेल अशी खुर्ची धरली.

कंबरेइतक्या उंचीचा विटांचा ओटा, त्यावर धुराड्याचा मोठा घेर. ओट्याच्या एका अंगाला ओकचे ओंडके जळत होते, पण त्या जाळावर काहीच भाजत नव्हते. जाळाचं काम निखारे पाडण्यापुरतं. पडलेले निखारे भट्टीवरचा माणूस लोखंडी फावडीने ओढून शेजारच्या जाळीखाली पसरायचा आणि खरं काम त्यांच्यावर. चीडसारखं राळेचं लाकूड इथे चालत नाही, त्याचा वास मांसाला लागतो. चरबीचा थेंब पडून भडका उठला की तो तुकडा बाजूला सरकवायचा, भडका बसेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, मग पुन्हा जागेवर आणायचा. आच किती आहे ते जाळीच्या वर तळवा धरून बघायचा. मांस एकदाच उलटायचं, त्याला काटा टोचायचा नाही, शेवटी हाडावर उभं करायचं, उतरवल्यावर मीठ घालायचं आणि थोडा वेळ तसंच ठेवून मग कापायचं. संपली पाककृती.

पेल्लेग्रिनो आर्तुसी नावाच्या गृहस्थाने १८९१ साली फ्लॉरेन्समध्ये पदरचे पैसे घालून एक पाकपुस्तक छापलं. इटलीत ते अजून खपतं. त्यात बिस्तेक्काला छोटीशी नोंद आहे आणि तिच्यातही काय करू नये हेच ठासून सांगितलंय. आधी तेल लावून ठेवलं तर मांसाला विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो, ही आर्तुसीची तक्रार. मला हा माणूस आवडतो. पण कृती एवढी छोटी कशी, हे त्याच्या नोंदीतून कळत नाही. ते कळतं गोठ्यातून.

ज्या जनावराच्या मांसाचा इथे सर्वांत जास्त मान, ते किआनिना जातीचं. अंग पांढरंशुभ्र, नाकपुड्या काळ्या, आणि वळू उभा राहिला तर खांदा जवळजवळ माणसाच्या डोक्याला लागेल एवढी उंची. व्हाल दि किआना हे त्यांचं खोरं. शतकानुशतकं या बैलांनी टस्कनीच्या टेकड्या नांगरल्या आणि त्यांच्यामागे चालला तो अर्धेलीने जमीन कसणारा शेतकरी: जमीन मालकाची, राबणं याचं, पीक निम्मंनिम्मं. मांस शहरात जायचं. शेतकऱ्याच्या घरी सणावारी एखादी कोंबडी, एखादा ससा; एरवी पाव, कोबीची पानं, चेस्टनट आणि घेवडा. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. तोवर ट्रॅक्टर आला होता, माणसं शहरांतल्या कारखान्यांत निघून गेली होती आणि बैलाला शेतात काम उरलं नव्हतं. आता त्याला मांसासाठी पाळतात आणि मेन्यूवर त्याच्या जातीचं नाव अभिमानाने लावतात.

शहराला या तुकड्याचं केवढं कौतुक! गुरांच्या मेंदूच्या रोगाची साथ युरोपभर गाजली तेव्हा, २००१ साली, पाठीच्या कण्यासकट मांस विकायला बंदी आली. बिस्तेक्का म्हणजे मणक्याचं हाड मध्ये असलेलाच तुकडा, त्यामुळे ती थेट कायद्याबाहेर गेली. तेव्हा किआंतीतल्या पान्झानो गावचा खाटीक दारिओ चेक्कीनी याने तिची चक्क अंत्ययात्रा काढली. बंदी उठली २००६ च्या जानेवारीत. शेतकऱ्याच्या घेवड्यासाठी अशी अंत्ययात्रा कोणी काढली असती असं वाटत नाही. अर्थात घेवड्यावर बंदी येण्याची वेळही कधी आली नाही.

त्या घेवड्याकडेच यायचं होतं. माझ्यापुढे आधी भाजलेल्या पावाची कापं आली, लसूण चोळून वर तेल सोडलेली. टस्कनीचा पाव बिनमिठाचा, तो एकटा खाववत नाही. मग जाळीवरची भोपळी मिरची, बरी होती. आणि मग पांढऱ्या घेवड्याचं मातीचं भांडं. दाणे अख्खे, एकाचंही साल फाटलेलं नाही, आणि जिभेवर ठेवला की दाणा लोण्यासारखा पसरतो. बरोबर सेजची दोन पानं, लसणाची मऊ पडलेली पाकळी, वरून कच्चं ऑलिव्हचं तेल आणि मिरपूड. बाकी काही नाही.

हा पदार्थ मुळात किआंतीच्या दारूच्या रिकाम्या बाटलीत व्हायचा. गोल पोटाची काचेची सुरई, तिच्यावरचं गवताचं वेष्टण काढून टाकायचं. आत भिजवलेला घेवडा, पाणी, तेल, सेज, लसूण. तोंडाला सैलसा बोळा, म्हणजे वाफ हळूहळू जात राहते. रात्रीचं जेवण उरकलं, चुलाण्यातला जाळ बसला, की सुरई राखेच्या कडेला, विझत चाललेल्या निखाऱ्यांजवळ लावून घर झोपी जायचं. सकाळपर्यंत घेवडा तयार. त्याच्यासाठी वेगळं लाकूड जळत नसे.

आमच्या चुलीला वैल होता. पुढे तव्यावर भाकरी आणि चुलीतून मागे निसटणाऱ्या आचेवर वैलावर आमटी, तासन्‌तास. तिच्यासाठीही वेगळं सरपण नव्हतं आणि घरातलं सगळ्यात चविष्ट तेच असायचं. चुलीचे गोडवे मी गाणार नाही. धुराने आईचे डोळे कायम लाल असायचे आणि घरात गॅस आला तेव्हा कोणीही हळहळलं नाही. रेस्टॉरंटातला धूर धुराडं ओढून नेतं, गिऱ्हाइकाकडे फक्त वास येतो, म्हणून लाकडाचा विस्तव एवढा रोमँटिक वाटतो. पण वैलाची अक्कल मात्र मी आजही मानतो.

समोरच्या भट्टीत तीच वाटणी चालू होती. निखाऱ्यांचा ऐन भर मांसाला, ओसरती ऊब घेवड्याला. मांस मुळातच उत्तम, तिथे आचाऱ्याने हात आवरला की झालं. ज्याच्याकडे ते नव्हतं त्याला मात्र डोकं चालवावं लागलं. शिळ्या पावाचे काय काय प्रकार टस्कनीने केले आहेत बघा: भाज्यांच्या सारात पुन्हा उकळलेला, टोमॅटोत विरघळवलेला, पाण्यात भिजवून पिळून काकडी-कांद्यात कालवलेला. या तिन्हींना आज मेन्यूवर मानाची जागा आहे. टस्कनीच्या स्वयंपाकाची कीर्ती मांसाने जगभर नेली असेल, पण स्वयंपाक म्हणावा असा इथे अर्धेलीच्या घरांनीच केला. मित्रांना हे बोलून दाखवलं. ते हाडाला चिकटलेलं मांस काढण्यात गर्क होते. एकाने मान न उचलता ‘असेल’ म्हटलं.

आता बहुतेक ठिकाणी घेवडा पातेल्यातच शिजतो आणि सुरई फक्त मेन्यूवर उरते. आम्ही गेलो तिथे मी विचारलं, तर त्यांनी भट्टीच्या कोपऱ्यात राखेत रुतवलेलं जाड काचेचं भांडं दाखवलं. तुम्हीही विचारा. बिस्तेक्का खायची असेल तर खुशाल खा, मात्र टेबलावर बसल्याबसल्या घेवडा सांगून ठेवा. भांडं दिवसाला एकच लागतं आणि नऊच्या सुमाराला ते संपतं.