बावन्न दरवाजांच्या शहराचा नवा दरवाजा

2023 चा जून महिना. मृगाची वाट पाहून शहर तापले होते. मध्यरात्रीच आमच्या रोशन गेटच्या घरात दिवे लागले. अम्मी आणि मामू हजला निघाले होते. मामूंनी गुस्ल करून एहरामच्या दोन पांढऱ्या चादरी पांघरल्या होत्या. विमान थेट जेद्दाहला उतरणार आणि मीकात आकाशातच ओलांडावी लागणार, म्हणून एहराम घरूनच बांधलेला. गल्लीतल्या बायका अम्मीच्या गळ्यात पडत होत्या. कोणी दुआ मागायला सांगत होते, तर कोणी चुकलेमाकलेले माफ करून घेत होते. बाहेर दोन जीप आणि पाच-सहा मोटारसायकली उभ्या होत्या. आम्ही लहानमोठे मिळून वीस-बावीस जण पोहोचवायला निघालो होतो.

जालना रोडने सिडको, मुकुंदवाडी मागे टाकत चिकलठाण्याला पोहोचायला अर्धा तासही लागला नाही. जीपमध्ये अम्मी एवढेच म्हणाली, “तुमचे नाना हजला गेले, तेव्हा घर सोडल्यापासून जहाजात पाय ठेवेपर्यंत आठवडा गेला होता. मी फजरच्या आत विमानात असेन.”

तिच्या त्या एका वाक्याने आम्हाला या विमानतळाकडे नीट बघायला लावले. तोवर आमच्यासाठी तो जालना रोडवरचा एक लांबलचक कुंपणाचा भाग होता, एवढेच.

मुसाफिरांचे शहर

आपले शहर मुळातच येणाऱ्या-जाणाऱ्यांचे. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली. तो स्वतः आफ्रिकेतून, हबश देशातून, समुद्र ओलांडून आलेला. डोंगरातले पाणी खापरी नळांनी गावात आणणारी त्याची नहर आजही अभ्यासाचा विषय आहे. पुढे 1653 मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत गावाला औरंगाबाद हे नाव मिळाले. 2023 मध्ये ते सरकारी कागदावर छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलत गेली, पण मुसाफिरांची सोय करण्याची सवय जुनीच आहे. पाणचक्कीच्या आवारात ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या घिजदुवानचे. पाण्यावर फिरणारी ती चक्की फकीर, विद्यार्थी आणि वाटसरूंच्या लंगरचे पीठ दळायची.

हजची वाट मात्र फार लांबची होती. मोगल काळात दख्खनचे यात्रेकरू सुरतेला जात. सुरतेला ‘बाबुल मक्का’, म्हणजे मक्केचा दरवाजा, म्हणत ते याचमुळे. नंतर तो मान मुंबईला गेला. 1900 मध्ये मनमाड ते हैदराबाद रेल्वे झाली आणि मराठवाड्याच्या हाजींना आगगाडी मिळाली. पण ती मीटरगेज. मनमाडला उतरायचे, वळकट्या, पेट्या, तांब्याची भांडी डोक्यावर घेऊन मोठ्या गाडीत चढायचे, मग मुंबईच्या मुसाफिरखान्यात जहाजाची वाट पाहत दिवस काढायचे आणि पुढे सात-आठ दिवस दर्या. नाना सांगायचे, जहाज सुटताना धक्क्यावर रडणारे आणि जहाजावर रडणारे सारखेच असत, कारण परत भेट होईलच असे कोणी धरून चालत नसे. 1995 मध्ये हजची जहाजे बंद झाली आणि सगळे हाजी विमानाने जाऊ लागले.

पर्यटकांची माळ

हैदराबाद संस्थानाला विमानाचे वेड लवकर लागले होते. 1945 मध्ये निजाम सरकारची रेल्वे आणि टाटा यांनी मिळून डेक्कन एअरवेज ही कंपनी काढली. 1953 मध्ये देशातल्या इतर खासगी कंपन्यांबरोबर तीही इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. चिकलठाण्याच्या विमानतळाला खरी ओळख मिळाली ती वेरूळ-अजिंठ्यामुळे. वेरूळ इथून तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभरच्या आसपास. 1983 मध्ये दोन्ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली. दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई अशी विमानाची एक माळच होती. परदेशी पाहुणे त्या माळेतून इथे उतरत, लेणी बघत, हिमरू शाली घेत आणि पुढे जात. जुनी इमारत लहानशी होती. गावातले लोक विमानात बसायला कमी आणि विमान बघायला जास्त जात. आम्हीही लहानपणी रविवारी सायकलवर डबलसीट जाऊन कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभे राहायचो.

26 एप्रिल 1993

त्याच माळेतले एक विमान आमच्या पिढीच्या मनात कायमचे रुतले आहे. 26 एप्रिल 1993, सोमवारची दुपार. इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 मुंबईकडे निघाले. विमानात प्रवासी आणि कर्मचारी मिळून 118 जण होते. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडकडे जाणारा रस्ता होता आणि त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता. जमीन सोडता सोडता विमानाचे चाक त्या ट्रकला धडकले. पुढे ते विजेच्या तारांना अडकून काही किलोमीटरवर शेतात कोसळले आणि पेटले. 55 जण गेले.

चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. वैमानिकांनी विमान उचलायला उशीर केला आणि ते चुकीच्या पद्धतीने उचलले, ही एक. उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नाही, ही दुसरी. त्या दिवशी गावात ज्याच्याकडे गाडी होती तो घाटीकडे धावला. आमचे अब्बाही रक्त द्यायला गेले होते. परतल्यावर ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. मग म्हणाले, “धावपट्टी आणि रस्ता एकमेकांच्या इतके जवळ असू नयेत, हे सांगायला इतकी माणसे जायला हवी होती का?” विमानतळाला जागा किती लागते आणि ती वेळेवर का लागते, हा धडा या शहराने अशा रीतीने घेतला आहे.

नवी इमारत, अपुरी विमाने

त्यानंतर शहर झपाट्याने वाढले. चिकलठाणा आणि वाळूजचे कारखाने, मग शेंद्र्याला ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी. 2008-09 च्या सुमारास विमानतळाची काचेची नवी इमारत उभी राहिली. आता उतरणाऱ्याला जुन्या इमारतीची आठवणही होणार नाही, इतकी ती प्रशस्त आहे. बॅगेच्या चिठ्ठीवर मात्र शहराचे ना जुने नाव असते ना नवे. तिथे ‘आयएक्सयू’ एवढीच तीन अक्षरे असतात.

इमारत मोठी झाली, पण विमाने कधी आली, कधी गेली. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि शहराचा मोठा आधार गेला. हैदराबादला जोडणारी ट्रूजेट आली आणि काही वर्षांनी तीही थांबली. 2020 मध्ये इंडिगो आली, तेव्हा लोकांना थोडा धीर आला. 2017 मध्ये शिर्डीला नवा विमानतळ झाला. समृद्धी महामार्ग 2025 मध्ये पूर्ण झाला आणि मुंबईची वाट सोपी झाली. या सगळ्यांत चिकलठाण्याचा वाटा कोणता, हा प्रश्न व्यापारी आणि उद्योजक वरचेवर विचारतात.

आमच्या घरात हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. काही वर्षांपूर्वी अब्बा गेले. थोरला भाऊ जेद्दाहला नोकरीला. बातमी कळताच मिळेल त्या विमानाने तो निघाला आणि संध्याकाळी मुंबईत उतरला. त्या वेळेनंतर मुंबईहून इकडे यायला विमान नव्हते. त्याने टॅक्सी केली. घाटात वाहतूक तुंबलेली. तो दर अर्ध्या तासाला फोन करत होता, “थांबा, मी येतोय.” मय्यत किती थांबवायची याला मर्यादा असते. इशाच्या नमाजनंतर जनाजा उठला. भाऊ पहाटे घरी पोहोचला, तो सरळ कब्रस्तानात गेला. दोष कोणाचाच नव्हता. मुंबई ते औरंगाबाद विमानाने तासाभराचे अंतर आहे, एवढे मात्र तो अजून विसरलेला नाही.

88 हजारांचा फरक

हजची विमाने चिकलठाण्याहून थेट जाऊ लागली, तेव्हा जालना, बीड, परभणी, नांदेडपर्यंतच्या खेड्यांतील हाजींचे मोठे कष्ट वाचले. आयुष्यात कधी मुंबई न पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना पोहोचवायला सगळे गाव येऊ शकले. पण कोरोनानंतर देशातील हज रवानगीची ठिकाणे दहावर आणली गेली आणि 2022 मध्ये इथल्या हाजींना पुन्हा मुंबई गाठावी लागली. 2023 मध्ये आपले शहर यादीत परत आले. अम्मीने अर्जात आनंदाने आपल्या गावाचे नाव लिहिले. नंतर दर जाहीर झाले. मुंबईहून जाणाऱ्यापेक्षा इथून जाणाऱ्याला सुमारे 88 हजार रुपये जास्त!

दोघांचे मिळून पावणेदोन लाखांहून अधिक. घरात बराच खल झाला. मामू म्हणाले, मुंबईहूनच जाऊ. अम्मीच्या गुडघ्यांकडे बघून आमचे धाडस होईना. शेवटी तिने जपून ठेवलेली एक बांगडी मोडली. बांगडी काढून देताना म्हणाली, “ही माझ्या दफनाच्या खर्चाची होती. त्याआधी हजला लागली, बरे झाले.”

फरक का पडतो, याचे एक कारण धावपट्टीत आहे. ती सव्वानऊ हजार फुटांच्या आसपास आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फुटांवर. उन्हाळ्यात हवा तापून विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि भरगच्च इंधन घेतलेल्या मोठ्या विमानाला जास्त धावावे लागते. म्हणून अशा ठिकाणाहून लहान विमाने न्यावी लागतात आणि ती परत येताना रिकामी असतात. तो खर्च थोड्या माणसांत वाटला जातो. धावपट्टी बारा हजार फुटांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव आहे आणि त्यासाठी चिकलठाणा, मुकुंदवाडी, मूर्तिजापूर भागातील जमीन लागणार आहे. तिथे शेते आहेत, पै-पै जोडून बांधलेली घरे आहेत. आपल्या हाजींचे पैसे वाचावेत म्हणून कोणाचे घर स्वस्तात जाऊ नये, हेही आपणच म्हटले पाहिजे. मोबदला रास्त आणि वेळेवर मिळाला, तर कामही लवकर होईल.

शिआनचा खलिया

आमचा भाचा डॉक्टरकी शिकायला चीनमध्ये होता. तो एकदा शिआन बघून आला. ते शहर ऐकताना आम्हाला आपलेच वाटले. जुना तट, दरवाजे, रेशमाचा व्यापार, जवळच बौद्ध लेणी आणि मंदिरे, 1974 मध्ये शेतात विहीर खणताना सापडलेले मातीचे सैनिक आणि ते बघायला येणारे जगभरचे लोक. भर वस्तीत मुसलमानांचा मोहल्ला, तिथे मिंग काळातली लाकडी मशीद, तिचे छप्पर चिनी मंदिरासारखे आणि आत कुरआनच्या आयती कोरलेल्या. तिथे मटणाच्या रश्श्यात रोटी कुस्करून खातात. भाचा म्हणाला, “मामू, अगदी नान-खलिया! फक्त मिरची आपली.”

शिआनला 1991 मध्ये गावाबाहेर शियानयांग इथे नवा विमानतळ झाला. 2012 मध्ये मोठी इमारत, 2025 मध्ये त्याहून मोठी. 2019 या एका वर्षात साडेचार कोटींहून जास्त प्रवासी तिथून ये-जा करून गेले. त्याच वर्षी विमानतळापर्यंत रेल्वेही पोहोचली. त्या आकड्यांशी आपली बरोबरी नाही आणि करायचीही नाही. घेण्यासारखी गोष्ट एकच. तिथे गर्दी होण्याआधी जागा ठेवली, रस्ता केला, मग विमाने बोलावली. आपण आधी इमारत बांधली आणि मग विमानांची वाट पाहत बसलो.

परतीचा दिवस

सव्वा महिन्याने अम्मी आणि मामू परतले. आम्ही पुन्हा तेवढेच लोक, तेवढ्याच गाड्या. दारातून आधी ढकलगाडी आली, तिच्यावर जमजमचे दोन कॅन. मागून उन्हाने रापलेली, बारीक झालेली अम्मी. नातवंडे तिला बिलगली. अर्ध्या तासात ती रोशन गेटच्या घरात आपल्या पलंगावर बसली होती. दुपारी नान-खलियाची देगची आली आणि मोहल्ल्यात जमजमचे घोट वाटले गेले.

संध्याकाळी जेद्दाहहून भावाचा फोन आला. अम्मी नीट पोहोचल्याचे ऐकून तो खूश झाला. मग थोडा थांबून त्याने विचारले, “आता मुंबईहून रात्रीचे विमान असते का रे?”

आम्ही म्हणालो, “वेळापत्रक बघून सांगतो.” अम्मीने फोन हातातून घेतला आणि त्याला सांगितले, “विमानाचे नंतर बघू. ईदच्या आधी सुट्टी काढ. या वेळी मी जिवंत असताना ये.”