डिस्नी वर्ल्डच्या शेजारी निवृत्ती

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, ओरलँडो शहराच्या नैऋत्येला वॉल्ट डिस्नी वर्ल्ड पसरले आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते उघडले तेव्हा तिथे मॅजिक किंगडम हे एकच थीम पार्क होते. पुढे १९८२मध्ये एप्कॉट, १९८९मध्ये आजचे हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८मध्ये अ‍ॅनिमल किंगडम आले. सुरुवातीच्या त्या वर्षांत आईवडिलांचे बोट धरून तिथे गेलेली मुले आज साठीच्या आसपास आहेत. त्यांनी पुढे आपली मुले तिथे नेली, आता नातवंडे नेतात. त्यांतले काही जण नोकरी संपली की उत्तरेकडच्या थंड राज्यातले घर विकतात आणि पार्कापासून अर्ध्या तासाच्या अंतरात कायमचे राहायला येतात. जिथे दरवर्षी एक आठवडा सुखात जातो, तिथेच उरलेले आयुष्य का काढू नये, हा त्यांचा साधा हिशेब असतो.

गंमत अशी की या जागेच्या मूळ आराखड्यात निवृत्तांना स्थानच नव्हते. १९६०च्या दशकाच्या मध्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली गेली, तेव्हा वॉल्ट डिस्नी यांच्या डोक्यात पार्काहून मोठे काहीतरी होते. एप्कॉट हे त्यांच्या कल्पनेत वीस हजार वस्तीचे प्रायोगिक नगर होते. घरे भाड्याची, मालकी कुणाचीच नाही, आणि राहणाऱ्या प्रत्येकाने काम केलेच पाहिजे. निवृत्त माणसे तिथे असणार नाहीत, असे त्यांनी १९६६मध्ये स्पष्ट सांगितले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डिस्नी वारले आणि नगर कागदावरच राहिले. सोळा वर्षांनी त्याच नावाने जे उघडले ते संध्याकाळी रिकामे होणारे प्रदर्शनवजा पार्क होते.

खरे गाव वसायला १९९६ साल उजाडावे लागले. डिस्नी कंपनीने आपल्या जमिनीच्या दक्षिण टोकाला, ऑसीओला काउंटीत, सेलिब्रेशन नावाचे गाव उभे केले. घरांना इतकी मागणी होती की पहिले खरेदीदार सोडत काढून ठरवावे लागले. अमेरिकेतल्या नामांकित वास्तुरचनाकारांची तिथे जणू हजेरीच लागली: नगरभवन फिलिप जॉन्सन यांचे, टपाल कार्यालय मायकेल ग्रेव्ह्ज यांचे, चित्रपटगृह सीझर पेली यांचे. घरांना रस्त्याकडे तोंड केलेले व्हरांडे, मोटारींची सोय मागच्या गल्लीत, चालत जाता येईल असा बाजार, मधोमध तळे. जुन्या अमेरिकन गावाची ही प्रतिकृती चालण्या-फिरण्याच्या दृष्टीने म्हाताऱ्या माणसाला आसपासच्या कोणत्याही वसाहतीपेक्षा सोयीची आहे, हे मान्य करावे लागते. गावाला स्वतःचे रुग्णालयही आहे. नाताळात बाजारपेठेत साबणाच्या फेसाचा बर्फ पाडतात. खऱ्या बर्फाला कंटाळून आलेली मंडळी तो बघायला उभी राहतात.

मात्र गाव डिस्नीचे म्हणून घर घेतलेल्यांना एक गोष्ट लवकरच कळली. कंपनी कायमची पालक नसते. २००४मध्ये तिने बाजारपेठेचा भाग एका गुंतवणूक कंपनीला विकला. पुढे तिथल्या सदनिकाधारकांनी गळती आणि बुरशीच्या तक्रारी घेऊन न्यायालय गाठले. जादूच्या राज्याच्या सीमेवरही छप्पर गळते आणि दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावर भांडण होते.

सेलिब्रेशन परवडले नाही तर किसिमी, डेव्हनपोर्ट, क्लेरमॉन्ट, विंटर गार्डन अशी गावे आहेत. पार्काच्या हद्दीतच गोल्डन ओक ही वसाहत आहे, पण ती फार श्रीमंतांची. किसिमी आणि डेव्हनपोर्टकडे घर बघताना एक खबरदारी घ्यावी लागते. तिथल्या अनेक वसाहतींत निम्म्याहून अधिक घरे पर्यटकांना आठवड्याच्या भाड्याने देण्यासाठीच बांधलेली असतात. शेजारी दर शनिवारी बदलतो, आणि जो येतो तो सुट्टीच्या उत्साहात असतो. साखर उसनी मागावी असे कुणी उरत नाही. उलट टोकाचे उदाहरण ओरलँडोच्या वायव्येला टवारेस गावी आहे. तिथे भारतीय वंशाच्या निवृत्तांसाठी शांतिनिकेतन नावाची वसाहत उभी राहिली. सामुदायिक शाकाहारी जेवण, देवघर आणि सणवार हे तिचे आकर्षण आहे. पार्क तिथूनही मोटारीच्या टप्प्यात आहे, पण त्यासाठी कुणी तिथे घर घेत नाही. म्हातारपणी मनोरंजनापेक्षा सोबत आधी लागते, हे या वसाहतीच्या संस्थापकांनी अधिक नीट ओळखले.

पैशाच्या बाजूने फ्लोरिडा पहिल्या नजरेत फार उदार वाटते. राज्याचा प्राप्तिकर नाही. स्वतः राहत असलेल्या घराचे करपात्र मूल्य वर्षाला ३ टक्के किंवा महागाईचा दर, यांतले जे कमी असेल त्याहून जास्त वाढवता येत नाही. पण नवा मालक आला की मूल्यांकन बाजारभावाने नव्याने होते, म्हणून शेजारच्या जुन्या रहिवाशापेक्षा नवख्याला कर बराच जास्त पडू शकतो. शिवाय वसाहतीची वर्गणी असते, आणि सगळ्यांत डोईजड होतो तो घराचा विमा. ओरलँडो समुद्रापासून आत असल्याने भरतीचे पाणी तिथवर येत नाही, तरी चक्रीवादळे येतात. २००४मध्ये चार्ली, फ्रान्सिस आणि जीन ही वादळे काही आठवड्यांच्या अंतराने आली. २०२२मध्ये इयन वादळाच्या पावसाने ऑरेंज आणि ऑसीओला काउंटीत घरांत पाणी शिरले. अशा अनुभवांनंतर काही खासगी विमा कंपन्या बुडाल्या, काहींनी राज्य सोडले. सुट्टीचा बेत आखताना विम्याचा हप्ता कुणाच्या मनातही येत नाही; घर घेतल्यावर तो दरवर्षी येतो.

खरा बदल होतो तो पार्कात जाण्याच्या रीतीत. सहलीला आलेला माणूस पंगतीत बसल्यासारखा असतो: पान वाढले आहे, पैसे मोजले आहेत, काही टाकायचे नाही. तो सकाळी दार उघडायच्या आधी रांगेत उभा राहतो आणि रात्रीची आतषबाजी संपेपर्यंत पाय ओढत फिरतो. जवळ राहणाऱ्याकडे वार्षिक पास असतो. स्वस्त पासांना शनिवार-रविवार आणि सणासुदीचे दिवस बंद असतात, पण निवृत्ताला त्याचे काय? तो मंगळवारी दुपारी येतो, एखादा कार्यक्रम बघतो, सावलीतल्या बाकावर बसतो, बँड ऐकतो आणि पावसाची सर येण्याआधी घरी परततो. उन्हाळ्यात ही सर जवळजवळ रोजची. रांगेची घाई संपते, तशी उत्सुकताही उतरते. वर्षभर वाट पाहण्यात जो आनंद होता तो वार्षिक पासाबरोबर मिळत नाही. काही जण महिनोन्महिने फिरकत नाहीत आणि पाहुणे आले की मगच जातात. इथे ज्याला पार्क म्हणजे थरारक खेळ एवढेच हवे असते तो लवकर कंटाळतो. ज्याला माणसांची वर्दळ, स्वच्छ रस्ते, फुलांचे ताटवे आणि ओळखीचे सूर पुरतात तो टिकतो.

काही जण पलीकडच्या बाजूला जातात, म्हणजे पार्कातच नोकरी धरतात. डिस्नी वर्ल्डमध्ये सत्तर हजारांहून अधिक कर्मचारी आहेत. तिथल्या भाषेत ते सगळे ‘कास्ट मेंबर’. त्यांत अर्धवेळ काम करणारे पांढऱ्या केसांचे बरेच दिसतात: तिकीट तपासणारे, वाट दाखवणारे, नाटकगृहाच्या दाराशी उभे राहणारे. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली मूळ गाव लिहिलेले असते, त्यामुळे गावावरून गप्पा सुरू होतात. पगार बेताचा, उन्हात उभे राहणे अवघड, तरी सकाळी उठून कुठेतरी जायचे असते. नगरात प्रत्येकाला काम असावे ही डिस्नी यांची अट अशा वाटेने थोडीफार पुरी होते.

आठवणींसाठी आलेल्यांना पार्क मात्र सवलत देत नाही. १९९८मध्ये मिस्टर टोडची राइड चाहत्यांच्या विरोधाला न जुमानता बंद झाली. स्प्लॅश माउंटन ही राइड २०२३मध्ये गेली. मॅजिक किंगडममधली नदी, टॉम सॉयर बेट आणि वाफेची बोट जुलै २०२५मध्ये बंद झाली. मुलाला पहिल्यांदा ज्या बोटीत बसवले ती बोट कंपनीची असते, आणि कंपनीला पुढच्या पिढीची गिऱ्हाइके हवी असतात. वर्षातून एकदा येणाऱ्याला हा बदल दिसतो. शेजारी राहणाऱ्याला पत्र्यांचे कुंपण, मग उकरलेली जमीन, मग नवी पाटी असे सगळेच बघावे लागते.

उरतो प्रश्न ऐंशीनंतरचा. सेलिब्रेशनसारखा अपवाद वगळता या भागात मोटारीवाचून पान हलत नाही. गाडी चालवणे सुटले की पार्क पाच मैलांवर असून नसल्यासारखे. नातवंडे मोठी झाली की त्यांचे येणेही कमी होते. आजी-आजोबांकडे जायचे ते डिस्नीमुळे की डिस्नीला जायचे ते आजी-आजोबांमुळे, याचा उलगडा साधारण त्याच सुमारास होतो. म्हणून ज्यांना असा बेत करायचा आहे त्यांनी जुने घर लगेच विकू नये. ऑगस्ट आणि सप्टेंबर हे उकाड्याचे आणि वादळांचे दोन महिने तिथे भाड्याने राहून काढावेत, पार्कात न जाता आठवड्याचे दिवस कसे जातात ते बघावे, आणि मगच विमा एजंटाला फोन करावा.