हाताजोगी थाळी

९ नोव्हेंबर २०२५, नारायणगाव

भाचा आज फिनलंडला परत गेला. जाताना प्लॅस्टिकच्या थाळ्यांची एक चळत माझ्या टेबलावर ठेवून गेला. तांपेरेला त्याच्या घरामागच्या रानात खांबांवर साखळ्यांच्या टोपल्या लावलेल्या आहेत. ठरलेल्या जागेवरून थाळी फेकत जायचं आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत पाडायची. डिस्क गोल्फ. अमेरिकेत एड हेड्रिक यांनी १९७६ मध्ये या खेळाची संघटना काढली. १९८३ मध्ये कडेला उतार असलेली पहिली थाळी निघाली आणि तिथून हे प्रकरण समुद्रकिनाऱ्यावरच्या फ्रिस्बीपासून वेगळं झालं.

"मावशी, तू इतकी वर्षं थाळीफेक शिकवतेस. या तुला माझ्यापेक्षा लवकर कळतील," असं म्हणाला. रात्री पट्टी आणि वजनकाटा घेऊन बसले. लांब फेकीची थाळी, तिला ते ड्रायव्हर म्हणतात, २१.२ सेंटिमीटर व्यासाची आणि १७५ ग्रॅमची भरली. नियमच तसा आहे: व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम. आमच्या मुलींची थाळी १८ सेंटिमीटरची आणि १ किलोची. म्हणजे ही आमच्या थाळीपेक्षा रुंद, आणि वजन पाचव्या हिश्शाहून कमी.

प्रत्येकीवर चार आकडे. पहिला गतीचा, दुसरा हवेत तरंगत राहण्याचा, तिसरा सुरुवातीला उजवीकडे किती वळेल त्याचा, चौथा शेवटी डावीकडे किती ओढेल त्याचा. उजव्या हाताने छातीसमोरून आडवी फेकली तर, असं गृहीत धरून. तिसरा आणि चौथा मिळून थाळी किती स्टेबल ते सांगतात. मला मात्र पहिल्याच आकड्याने जागं ठेवलं. १२ लिहिलेली थाळी ६ लिहिलेलीपेक्षा दुप्पट लांब जाते, असा त्याचा अर्थ नाही. ती नीट उडायला हाताचा वेग किती लागेल, ते तो आकडा सांगतो. थाळीची ती मागणी आहे.

११ नोव्हेंबर

शाळेच्या मैदानावर कबड्डीची आखणी चालू होती, म्हणून मुलींना घेऊन बैलगाडा शर्यतींच्या घाटावर गेले. यात्रांचा हंगाम सोडला तर घाट मोकळाच असतो. २०१४ च्या बंदीनंतर अशा घाटांवर गवत माजलं होतं. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा परवानगी दिली, मग गावोगाव साफसफाई झाली. चढाची, सरळ, दगडगोटे वेचलेली पट्टी. फेकीला याहून चांगली जागा आमच्या भागात सापडायची नाही.

आधी डिस्ट्रॉयर दिली, आकडे १२, ५, उणे १, ३. जगभरातले दांडग्या हाताचे खेळाडू ही वापरतात. नववीतली आमची उंच मुलगी खांद्याने भक्कम आहे. तिने जोर लावला आणि थाळी हातातून सुटताच डावीकडे झुकून बांधापलीकडे कांद्याच्या वावरात गेली. पुन्हा तेच, पुन्हा तेच. मग लेपर्ड दिली: ६, ५, उणे २, १. नाव ऐकून मुली हसल्या, आमच्या तालुक्यात बिबट्याचं नाव असं हसत कुणी घेत नाही. ही थाळी सरळ गेली, जरा उजवीकडे कलली, परत सरळ झाली आणि डिस्ट्रॉयरच्या बरीच पुढे जाऊन अलगद टेकली.

कारण मुलींना तिथेच मातीत रेघा ओढून सांगितलं. वरून पाहिलं तर थाळी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेग मोठा असतो तेव्हा हवेचा दाब मध्याच्या जरा मागे बसतो आणि पुढची कड दबते. पण फिरती वस्तू जिथे दाबली तिथे खाली जात नाही, फिरण्याच्या दिशेने पाव फेरा पुढे खाली जाते. म्हणून पुढची कड दबली की थाळीची उजवी बाजू झुकते. वेग उतरला की दाब पुढे सरकतो, पुढची कड उचलली जाते आणि आता डावी बाजू झुकते. प्रत्येक फेकीत हे दोन्ही होतं. डिस्ट्रॉयर आमच्या मुलींच्या हातून सुटते तेव्हाच तिच्या लेखी वेग उतरलेला असतो. ती पहिला भाग गाळून थेट शेवटाला येते. चढावर तर आणखी लवकर.

शिवाय तिची कड सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास रुंद, लेपर्डची दीड-पावणेदोनच्या आत. चौदा वर्षांच्या पोरीची बोटं त्या रुंद कडेखाली पुरतच नाहीत. पकडच बसली नाही तर फिरत कशी सोडणार?

पाचला सगळ्यांना घराकडे पिटाळलं. घाटाला लागून ऊस आहे, आणि उसात बिबट्या.

१३ नोव्हेंबर

आज फक्त जवळजवळ सारख्या थाळ्या. लेपर्ड आणि टीबर्ड. टीबर्ड ७, ५, ०, २. टेबलावर शेजारी ठेवल्या तर रंगाखेरीज फरक सांगता येणार नाही. सपाट फरशीवर ठेवून डोळे फरशीच्या पातळीला नेले तेव्हा दिसला. साच्याचे वरचे-खालचे भाग जिथे जुळतात ती रेघ कडेवर असते. टीबर्डची ती रेघ वर आहे, लेपर्डची खाली. रेघ जितकी वर, तितकी थाळी वळायला नाखूश आणि शेवटी डावीकडे ओढणारी. एक-दोन मिलिमीटरच्याही आतली गोष्ट, पण घाटाच्या टोकाला ती कित्येक पावलांची होते.

याहून शिकवणारी जोडी दोन लेपर्डची निघाली. साचा तोच, आकडे तेच. एक साध्या मऊ प्लॅस्टिकची, दुसरी कडक, काचेसारखी चमकणारी. कडक थाळी जास्त सरळ राहते आणि शेवटी थोडी जास्त डावीकडे जाते. मऊ थाळी दगडावर आपटत जुनी होत जाते तसतशी तिची कड बोथट होते आणि ती अधिकाधिक उजवीकडे वळू लागते. भाच्याची ही मऊ थाळी तिकडच्या झाडांवर आपटून चांगलीच झिजली आहे. तिच्यावर आकडे अजून नव्या थाळीचेच छापलेले आहेत. तेव्हा आकडे वाचावेत, पण त्यांच्यावर निकाल देऊ नये. दोन थाळ्या एकाच हाताने, एकाच वाऱ्यात, आलटून पालटून फेकाव्यात. एक आज आणि दुसरी उद्या फेकून केलेल्या तुलनेला काही अर्थ नाही.

१६ नोव्हेंबर, घोडेगाव

थोरल्या बहिणीकडे आले. थाळ्या पिशवीत होत्याच. दुपारी तिच्या माळावर पूर्वेकडून वारा लागला, हवाच होता.

समोरच्या वाऱ्यात लेपर्ड पार उलटून उजवीकडे पडली. थाळीला वारा कळत नाही, तिला अंगावरून जाणाऱ्या हवेचा वेग कळतो. समोरून वारा आला की तो वाढतो आणि ती जास्त वळते. तिथे टीबर्ड शहाण्यासारखी सरळ गेली. पाठीमागून वारा घेतला तर उलटं: टीबर्ड लवकर डावीकडे खाली आली आणि लेपर्ड लांब गेली. २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स या तरुणाने नेवाडाच्या वाळवंटात पाठीवरचा वारा घेऊन ३३८ मीटर फेक केली. आमच्या थाळीफेकीत मात्र समोरचा वारा वरदान. तो १ किलोच्या थाळीला वर उचलून धरतो. लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने याच वर्षी एप्रिलमध्ये ७५.५६ मीटरचा विश्वविक्रम केला तो ओक्लाहोमातल्या रामोनाच्या मोकळ्या, वाऱ्याच्या मैदानावर. त्याआधी युर्गेन शुल्टचा १९८६ चा ७४.०८ मीटरचा विक्रम अडतीस वर्षं टिकला होता, तोही अलेक्नानेच २०२४ मध्ये रामोनालाच मोडला.

आणखी एक गोष्ट मनात घोळते आहे. भाचा म्हणाला होता की तिकडे लेपर्ड इथल्यापेक्षा जास्त वळते. बरोबरच असणार. आपण समुद्रसपाटीपासून साडेसहाशे-सातशे मीटरवर, हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ. त्यात आपली दुपारची ऊब आणि तिकडची थंडी, म्हणजे फरक आणखी वाढला. विरळ हवेत थाळी कमी वळते, कमी तरंगते, लवकर डावीकडे येते. जुन्नर-आंबेगावात कुणी हा खेळ सुरू केला तर तिकडे नवख्याला देतात त्याहून एक पायरी जास्त वळणारी थाळी द्यावी, असं माझं मत झालं आहे.

शेजारच्या मळ्यातल्या आजी बांधावर बसून बघत होत्या. ज्वारीच्या राखणीला त्यांनी गोफण चालवलेली. म्हणाल्या, "गोटा घोड नदीतून वेचून आणायचो आम्ही. गोल नि मुठीत मावंल असा. चपटा घेतला की कुठंबी जातो. अन् भावाचा गोटा मला चालत नव्हता, त्याचा हात दांडगा." मी वही काढून ते तिथेच लिहून घेतलं.

१९ नोव्हेंबर, नारायणगाव

आज शाळेच्या १ किलोच्या थाळ्यांकडे वळले, खरं काम तेच. क्रीडासाहित्याच्या खोलीत दारामागे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेचं कात्रण चिकटवलेलं आहे: कृष्णा पुनिया, हरवंत कौर, सीमा अंतिल, थाळीफेकीची तिन्ही पदकं भारताच्या तिघींकडे. दर वर्षी नव्या मुली ते वाचतात आणि सगळ्यात चकचकीत थाळी उचलतात.

थाळ्या सगळ्या १ किलोच्याच, पण ते वजन कुठे आहे हे महत्त्वाचं. नवशिक्याच्या थाळीत साधारण ७० ते ७५ टक्के वजन कडेत असतं, वरच्या दर्जाच्या थाळीत ८५-९० टक्क्यांपर्यंत. कडेत वजन जास्त असेल तर थाळी फिरवायला जड, पण एकदा फिरली की फिरणं टिकवून धरते आणि हवेत डळमळत नाही. बोटांनी पुरेसं फिरवलंच नाही तर तीच थाळी लडबडत खाली येते. डिस्ट्रॉयरची मागणी इथेही आहे, फक्त आकडा छापलेला नाही.

आमच्या दोन जुन्या थाळ्यांवर कंपनीचं लेबलही उरलेलं नाही. विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते एक लांब फळी घेऊन आले, ओट्याला तिरकी टेकवली आणि दोन्ही थाळ्या कडेवर उभ्या करून एकदम सोडल्या. एक मागे राहिली. पुन्हा सोडल्या, जागा बदलून सोडल्या, तीच मागे. वजन बाहेरच्या कडेला असलेली वस्तू गडगडताना मागे पडते, कारण तिला फिरवण्यातच जास्त शक्ती खर्ची पडते. सरांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता. मागे राहिलेल्या थाळीला मी लाल रंगाचा ठिपका दिला.

२१ नोव्हेंबर

उंच मुलगी अंगात ताकद ठेवून आहे, पण सोडताना तर्जनीवरून थाळी घरंगळू देत नाही, ढकलते. लाल ठिपक्याची थाळी तिच्या हातून थरथरत गेली. बिनठिपक्याची शांतपणे गेली आणि लांबही. आठवीतली बारकी मुलगी, जिला सगळे उंच उडीला पाठवा म्हणतात, तिचं मनगट असं सुटतं की थाळी हवेत जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. लाल ठिपका तिचा.

मुलगी अंगाने मोठी म्हणून तिला चांगली थाळी द्यायची, ही सवय मी कित्येक मैदानांवर पाहिली आहे. त्यात मुलीचा हात नासतो. लांबी मिळत नाही म्हणून ती आणखी जोर लावते, जोर लावला की खांदा आधी येतो, खांदा आधी आला की फिरकी जाते. मग एक दिवस ती म्हणते, मला थाळीफेक जमत नाही. हे मला फार लागतं.

उंच मुलीला रोज सरावाआधी मऊ लेपर्ड द्यायची असं ठरवलं. हाताची चाल वेगळी आहे, पण दोन्ही फेकींत थाळी सुटताना फिरते एकाच दिशेने, आणि १७५ ग्रॅमला ढकलून काही मिळत नाही. फिरवलं नाही तर ती लगेच चुगली करते.

२३ नोव्हेंबर, रविवार

खोडदला लग्नाला गेले होते. बारकी तिथलीच. जेवण झाल्यावर तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना दाखवत म्हणाली, "मॅडम, एवढी मोठी थाळी वाऱ्यात का नाही वळत?" ४५ मीटर व्यासाच्या त्या तबकड्या, सगळ्या मिळून ३०, आणि त्यांतल्या १४ खोडदच्याच भागात दाटीने. तिला सांगितलं की त्यांच्या पृष्ठभागावर पत्रा नाही, बारीक तारांची जाळी आहे. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी मुद्दाम तशी रचना केली, म्हणजे वारा आरपार जातो, भार कमी पडतो आणि खर्चही आटोक्यात राहतो. तिने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "मग आपल्या थाळीला जाळी केली तर ती उडणारच नाही." बरोबर, म्हटलं. ज्या वाऱ्याला ते वाट करून देतात, तोच आपल्याला हवा असतो.

२५ नोव्हेंबर

साहित्याचं मागणीपत्र आज दिलं. १ किलोच्या तीन थाळ्या: दोन कडेत कमी वजनाच्या, एक ८० टक्क्यांच्या आसपासची. त्याहून वरची नको, ती फिरवू शकेल असा हात आज शाळेत नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं, एकाच वजनाच्या तीन कशाला, एक चांगली महागाची घेऊ. त्यांना ओट्याशी नेलं आणि दोन थाळ्या फळीवरून सोडून दाखवल्या. त्यांनी स्वतः पुन्हा एकदा सोडून पाहिलं आणि सही केली.

संध्याकाळी उंच मुलीची लेपर्ड पहिल्यांदा उजवीकडे कलून परत सरळ झाली. सोमवारपासून तिला टीबर्ड.